थर्माकोलची पृथ्वी नको: ग्लोबल वॉर्मिंगवरचा प्रकल्प निवडताना

"मामा, ग्लोबल वॉर्मिंगवर एखादं मॉडेल सांग ना. सोमवारी बाईंकडे नाव द्यायचंय."

भाचीचा हा फोन शुक्रवारी रात्री साडेनऊला आला. ती आठवीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दोन-चारदा परीक्षक म्हणून फिरलोय, त्यामुळे घरातल्या सगळ्या पोरांची असली कामं शेवटच्या क्षणी माझ्याकडेच येतात. तुझ्या डोक्यात काय आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, "थर्माकोलचा गोळा, निळा-हिरवा रंग, तोंडात थर्मामीटर, कपाळावर ओली पट्टी. खाली लिहायचं, वसुंधरा तापाने फणफणली."

हा गोळा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. दरवर्षी भेटतो. कधी त्याच्या डोळ्यांतून अश्रू येतात, कधी शेजारी चिमणी आणि त्यातून कापसाचा धूर निघत असतो. पर्यावरणाचं दुःख सांगायला थर्माकोलच का लागतो, हे मला अजून उमगलेलं नाही. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तरी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तो सुखाने नांदतो. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या गोळ्याला विचारण्यासारखं काहीच नसतं. परीक्षक समोर उभा राहतो, मूल पाठ केलेलं घडाघडा म्हणतं, परीक्षक पुढे जातो. त्यातून नवं काही ना मुलाला कळलं, ना परीक्षकाला.

"ग्लोबल वॉर्मिंग" हा विषय झाला, प्रकल्प नव्हे. प्रकल्पाला प्रश्न लागतो, तोही वहीच्या एका ओळीत मावणारा, घरात किंवा शाळेत मोजता येईल असा. जग का तापतंय याचं उत्तर आठवीतल्या मुलीने पंधरा दिवसांत शोधावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. पण जग तापण्याची जी लांब साखळी आहे, तिची एखादी कडी तिला स्वयंपाकघरात नक्की तपासता येते. म्हणून आधी ती साखळी नीट समजून घेऊ.

सूर्याचा प्रकाश हवेतून बऱ्यापैकी सरळ खाली येतो आणि जमीन, समुद्र, डांबर, पत्रे तापवतो. तापलेली वस्तू उष्णता बाहेर टाकते, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात. एप्रिलमध्ये रात्री आठ वाजता पश्चिमेच्या भिंतीजवळ नुसता तळहात धरा, जी धग लागते त्यात हेच किरण असतात. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, आणि हे दोघं या किरणांच्या वाटेत येत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू मात्र ते शोषतात आणि पुन्हा सगळ्या दिशांना सोडतात. त्यातले काही परत खाली येतात. ही अडवणूक म्हणजेच हरितगृह परिणाम, आणि ती मुळात उपकारकच आहे. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ती आहे म्हणून ते १५ च्या जवळपास आहे. गोधडी स्वतः गरम नसते, अंगातली ऊब बाहेर जाताना अडवते, तसंच काहीसं.

बिघाड झालाय तो गोधडीच्या जाडीत. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर गेलेत. जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राच्या पोटात जाते. म्हणून समुद्र फुगतो, जमिनीवरचा बर्फ वितळतो, पांढरा बर्फ कमी झाला की उन्हाचं परावर्तन कमी होतं आणि तापणं आणखी वाढतं. अशी ही साखळी आहे. कुठलीही एक कडी उचलायची.

उचलण्याआधी दोन गोंधळ मिटवून टाकू, कारण निम्मे प्रकल्प इथेच आपटतात. पहिला ओझोनचा. "ओझोनला भोक पडलं, त्यातून ऊन आत येतं, म्हणून पृथ्वी तापते" हे वाक्य मी इतक्या तक्त्यांवर वाचलंय की आता मोजत नाही. ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो विरळ होणं हे वेगळं दुखणं. त्याचा शोध १९८५ मधला, त्यावरचा माँट्रियल करार १९८७ चा. तो थर आता हळूहळू सावरतोय, तापमान मात्र चढतंच आहे. दुसरा गोंधळ रोजच्या हवामानाचा. "यंदा आमच्या गावात ४३ अंश गेलं" हा काही पुरावा होत नाही. हवामानशास्त्रात एखाद्या ठिकाणचं "सरासरी" म्हणायला तीस वर्षांच्या नोंदी धरतात. पंधरा दिवस गच्चीवर थर्मामीटर ठेवून जागतिक तापमानवाढ दाखवता येत नाही, आणि दाखवली असं कुणी म्हणालं तर परीक्षकाने वही तपासून बघावी.

आता त्या लोकप्रिय प्रयोगाकडे येतो, ज्याची मला जरा अढी आहे. दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या. एकीत साधी हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींना थर्मामीटर, समोर शंभर वॅटचा पिवळा बल्ब. अर्ध्या तासाने गॅसवाली बाटली दोनेक अंश जास्त गरम. "बघा, हरितगृह परिणाम!" टाळ्या.

आकडेमोड करून बघा. दोन लिटरच्या बाटलीत साध्या हवेतला कार्बन डायऑक्साइड किती? दहा लाखांत ४२० म्हणजे जेमतेम ०.८४ मिलिलिटर. एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम सोडा पुरेशा व्हिनेगरबरोबर पूर्ण फसफसला तर त्यातून सुमारे १.४ लिटर वायू निघतो. म्हणजे आपण प्रमाण दीडपट केलं नाही, सतराशेपट केलं. जगात घडलंय ते दीडपट.

बरं, इतका वायू भरूनही बाटली ज्या कारणाने तापते ते कारणच बहुतेक वेळा वेगळं असतं. २०१० मध्ये काही अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी असा प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉनही वापरला. आर्गॉन अवरक्त किरण शोषत नाही. तरी तापमानात जवळपास तशीच वाढ दिसली. दोन्ही वायूंत समान काय, तर दोन्ही हवेपेक्षा जड. जड वायू तळाशी बसून राहतो, गरम-थंड हवेची वर-खाली होणारी ये-जा मंदावते आणि उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. उत्तर बरोबर, कारण चूक. गणितात असं झालं तर आम्ही मार्क कापतो.

मग खऱ्या वातावरणात इतकासा वायू काम कसा करतो? तिथे जाडी कामाला येते. पृथ्वीवरची सगळी हवा समुद्रसपाटीच्या दाबाला दाबून बसवली तर तिचा थर साधारण आठ किलोमीटर जाड होईल. त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून पसरला तर त्याचा थर साडेतीन मीटरच्या घरात जाईल. एका मजल्याएवढा. वर जाणाऱ्या उष्णतेला एवढं सगळं ओलांडावं लागतं. बाटलीची रुंदी दहा सेंटीमीटर.

या प्रयोगावर फुली मारा असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला इतिहास आहे. अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. ऑल्बनी शहरातल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांचा निबंध जोसेफ हेन्री या भौतिकशास्त्रज्ञाने वाचून दाखवला. त्यांच्या नळकांड्यांतही सूर्याचा प्रकाश आणि उष्णतेचे किरण एकत्रच होते. अवरक्त किरण वेगळे काढून मोजायचं काम जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये केलं. तेव्हा एखाद्या मुलाला बाटल्यांचाच नाद असेल तर प्रश्न उलटा करावा: "बाटली तापते ती वायूमुळे की माझ्या मांडणीमुळे?" आधी दोन्ही बाटल्यांत नुसती हवा ठेवून अर्धा तास बघायचं. बल्ब एका बाजूला बोटभर जास्त जवळ असेल तर तेवढ्यानेही अंशाचा फरक पडतो. मग बाटल्यांच्या जागा बदलायच्या. सोडा-व्हिनेगर फसफसताना मिश्रण थंड पडतं, म्हणून हवेच्या बाटलीतही तेवढंच, तितकंच थंड पाणी हवं. या सगळ्या चाचण्यांनंतर फरक उरलाच नाही, तरी तो उत्तम प्रकल्प. मी तरी अशा मुलाला पहिला नंबर देईन. बाकीच्या परीक्षकांचं माहीत नाही.

बर्फाचा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्याला दोन भांडी आणि एक दुपार पुरते. एका काचेच्या भांड्यात पाणी आणि त्यावर तरंगणारा बर्फ. दुसऱ्यात पाण्यातून वर डोकावणारा दगड आणि त्या दगडावर तेवढाच बर्फ. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण. बर्फ वितळला की दगडवाल्या भांड्यात पाणी खुणेच्या वर जातं, तरंगणाऱ्यात जिथल्या तिथे राहतं. उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ आणि ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक इथे डोळ्यांनी दिसतो. पण हा झाला पाठ्यपुस्तकातला भाग. आता पाण्यात मीठ घाला, विरघळेल तितकं. त्यात गोड्या पाण्याचा शंभर ग्रॅम बर्फ तरंगत सोडा. दाट मिठाचं पाणी बर्फाला जास्त उचलून धरतं, म्हणून तो सुमारे ८३ मिलिलिटर पाणीच बाजूला सारतो, आणि वितळल्यावर मात्र १०० मिलिलिटर होतो. पातळी चढते! आता खऱ्या समुद्राइतकं खारट पाणी घेतलं तर किती चढेल? फार थोडी, शंभर ग्रॅममागे दोन-अडीच मिलिलिटर. "तरंगत्या बर्फाने पातळी अजिबात वाढत नाही" असं ठणकावणाऱ्या पुस्तकाला आठवीतलं पोर इथे हळूच टोकू शकतं.

छपरांचा प्रकल्प गावाकडच्या मुलांसाठी झकास. पत्रा, कौल, स्लॅब, चुना मारलेला पत्रा. बुटांचे चार खोके घेऊन त्यांवर ही चार छपरं बसवा आणि आतलं तापमान दर तासाला लिहा. दोन सूचना. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, ती शरीराच्या तापमानापुरतीच बनवलेली असते. आणि औद्योगिक अवरक्त थर्मामीटर मिळाला तरी चकचकीत पत्र्यावर तो खोटं बोलतो. चमकणारा पृष्ठभाग स्वतःचे किरण कमी टाकतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो, त्यामुळे हात भाजेल असा पत्राही थंड दिसतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून त्या टेपवर नेम धरायचा. या प्रकल्पाचं नाव मात्र "ग्लोबल वॉर्मिंग" ठेवू नये. वाढत्या उन्हात घर थंड कसं ठेवायचं, असा तो प्रश्न आहे, आणि तो काही कमी महत्त्वाचा नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी शहराचा स्वतःचा आराखडा केला, तो २०१० च्या उन्हाळ्यात माणसं दगावल्यावर.

ज्यांना मांडामांडीचा कंटाळा आहे त्यांनी विजेची बिलं घ्यावीत. बिलावर आधीच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बरीचशी वीज कोळशाची. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर जळून संपला की चाळीसेक किलो. बाबांच्या गाडीतलं एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो. इथे हुशार मूल अडतं आणि अडायलाच हवं: लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग धूर सव्वादोन किलोचा कसा? पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन उचलतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या वजनात मोठा वाटा ऑक्सिजनचाच असतो. हा एकच प्रश्न नीट समजावून सांगता आला तरी तक्ता वसूल.

यातला कुठलाही प्रकल्प घ्या, परीक्षक एक प्रश्न हमखास टाकतो: "मग यातून ग्लोबल वॉर्मिंग सिद्ध झालं का?" नव्वद टक्के मुलं "हो सर" म्हणतात. बरोबर उत्तर, "नाही सर, मी फक्त एवढंच तपासलं." ते देता यावं म्हणून वही हवी. प्रत्येक प्रयोग किमान तीनदा, फसलेलाही तारखेसकट लिहिलेला, खाडाखोड तशीच ठेवलेली. रात्रीत उतरवून काढलेली सुवाच्य निरीक्षण वही लांबूनच ओळखू येते. सगळी पानं एकाच पेनाची असतात.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही, ती झोपली असती. तिच्यासाठी मी समुद्राच्या फुगण्याची कडी निवडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटीमीटर वाढली. त्यात बर्फाच्या पाण्याबरोबर आहे त्याच पाण्याच्या प्रसरणाचाही मोठा वाटा आहे. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत, हे सांगितल्यावर ती जरा सावरून बसली. गेटवेला ती गेलेली आहे.

मांडणी अशी. पाव लिटरची काचेची बाटली. प्लॅस्टिकची नको, ती स्वतःच फुगते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं दोन भोकांचं रबरी बूच, एका भोकात थर्मामीटर, दुसऱ्यात आतून ३ मिलिमीटर रुंद काचेची नळी, तीस सेंटीमीटर उंच. पाणी आधी उकळून गार केलेलं, नाहीतर तापताना त्यातून हवेचे बुडबुडे सुटतात आणि आकडे बिघडतात. बाटली काठोकाठ भरायची, बूच दाबायचं, पाणी नळीत थोडंसं चढतं. नळीमागे पट्टी. मग बाटली कोमट पाण्याच्या बादलीत. तीसेक अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने वाढलं की नळीतलं पाणी जवळजवळ एक सेंटीमीटर चढतं. बादलीत ठेवल्या ठेवल्या पाणी क्षणभर खाली उतरतं. घाबरायचं नाही, आधी काच गरम होऊन पसरते, पाण्याची पाळी नंतर येते.

सोमवारी तिने नाव दिलं. पुढच्या रविवारी रात्री परत फोन.

"मामा, बाटली बिघडलीय."

"काय झालं?"

"मी फ्रिजचं पाणी घेतलं. पाच अंशांपासून दहापर्यंत गेलं तरी नळीत अर्धाच सेंटीमीटर चढलं. आणि पस्तीसपासून चाळीसला सहा सेंटीमीटर! दोन्हीकडे पाचच अंश ना? तीनदा केलं. तीनदा तसंच."

बाटली ठणठणीत होती. पाणी थंड असताना फार कमी पसरतं. ४ अंशांना तर ते सगळ्यांत दाट असतं. जसजसं गरम होत जातं तसतसं प्रत्येक अंशाला जास्त जास्त पसरतं. म्हणजे एक अंशाने तापला तर आपला अरबी समुद्र ध्रुवाजवळच्या समुद्रापेक्षा जास्त फुगेल. हे तिला मी सांगितलं आणि म्हटलं की हेच तुझं निरीक्षण, आलेख वाकडा येईल, तो तसाच वाकडा काढ.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मामा, समुद्राचं पाणी खारट असतं. त्याचंही असंच होतं?"

"बाटली तुझ्याकडे आहे."

फोन तसाच ठेवून ती आत गेली. मला मागून ऐकू आलं, "आई, जाडं मीठ कुठल्या डब्यात आहे गं?"